ग्रंथपालाची अभ्यास रजा: अर्जापासून परत रुजू होईपर्यंत

कॉलेजच्या ग्रंथपालाने अभ्यास रजेचा विषय काढला की प्राचार्यांच्या केबिनमध्ये पहिला प्रश्न नियमाचा येत नाही. ‘मग लायब्ररी कोण बघणार?’ हा येतो. प्राध्यापक रजेवर गेला तर त्याचे तास विभागातल्या दोघा-तिघांत वाटता येतात. ग्रंथपाल बहुतेक कॉलेजांत एकटाच. त्याच्या हाताखाली एखादा सहायक, एक-दोन परिचर, आणि पदं रिक्त असतील तर तेही नाहीत. त्यामुळे रजा मिळवण्याची निम्मी लढाई नियमांच्या पुस्तकात असते आणि निम्मी चार्ज कोणाला द्यायचा या कागदावर. नवखे लोक पहिल्या निम्म्याची जोरात तयारी करतात आणि दुसऱ्यात अडकतात. हा लेख दोन्हींसाठी आहे, पण दुसऱ्यावर जरा जास्त रेंगाळणार आहे.

आधी आपण कोणत्या नियमात बसतो ते पाहा

विद्यापीठातले असिस्टंट लायब्ररियन आणि अनुदानित कॉलेजांतले यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) वेतनश्रेणीतले ग्रंथपाल यांना यूजीसीचे १८ जुलै २०१८ चे विनियम लागतात. शिक्षक आणि इतर शैक्षणिक कर्मचाऱ्यांच्या किमान पात्रतेचे हे विनियम. महाराष्ट्रात त्यांचा आधार ८ मार्च २०१९ चा शासन निर्णय. रजेचे नियम विनियमांच्या आठव्या कलमात आहेत. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नव्या विनियमांचा मसुदा जाहीर केला, म्हणून अर्ज टाइप करायला बसण्याआधी त्या दिवशी लागू असलेली प्रत यूजीसीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. सहकाऱ्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ नको. २०१० ची प्रत अजूनही फिरते आहे.

ग्रंथालय सहायक, लिपिक, परिचर यांचा मार्ग वेगळा. ते शिक्षकेतर कर्मचारी, त्यांच्यासाठी १९८४ चा स्टँडर्ड कोड, म्हणजे त्यांच्या सेवाशर्तींचे नियम, आहे. त्यांनी यूजीसीचं कलम दाखवून अर्ज केला तर तो पहिल्याच टेबलावरून परत येईल.

पुराभिलेखागारातल्या मंडळींचंही तसंच. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयात, म्हणजे मुंबईत किंवा पुण्याच्या पेशवे दप्तरात, नोकरी असेल तर महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ उघडा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असाल तर केंद्राचे १९७२ चे रजा नियम: पाच वर्षं सेवा झालेली हवी, एका वेळी साधारणपणे १२ महिने आणि सबंध नोकरीत २४ महिने. विद्यापीठाच्या स्वतःच्या अभिलेख विभागात किंवा हस्तलिखित संग्रहात काम करणाऱ्यांची स्थिती सगळ्यांत विचित्र. कुणी शैक्षणिक पदावर, कुणी तांत्रिक, कुणी करारावर. नेमणुकीच्या आदेशात पदनाम आणि वेतनस्तर काय लिहिलाय, त्यावर सगळं ठरतं. तो आदेश हातात घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

विनाअनुदानित संस्थेत असाल तर संस्थेची नियमावली आणि संस्थाचालकांची इच्छा या दोनच गोष्टी. तिथे पगारी रजेपेक्षा बिनपगारी रजा आणि परत आल्यावर तीच जागा मिळेल याची लेखी हमी मागणं जास्त व्यवहाराचं ठरतं.

सबॅटिकल नव्हे, अभ्यास रजा

अमेरिका-कॅनडातल्या विद्यापीठांतल्या ग्रंथपालांचे सबॅटिकलचे, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीनंतर अभ्यास-संशोधनासाठी मिळणाऱ्या रजेचे, अनुभव वाचून इथे ‘सबॅटिकल मिळावी’ असा अर्ज करणारे उत्साही लोक आहेत. तिकडे अनेक ठिकाणी ग्रंथपालाला प्राध्यापकाचा दर्जा असतो. आपल्याकडे सबॅटिकलच्या कलमात रीडर, असोसिएट प्रोफेसर आणि प्रोफेसर ही पदं लिहिली आहेत: त्या पदावर सात वर्षं, एका वेळी एक वर्ष, सबंध कारकिर्दीत दोन वर्षं. डेप्युटी लायब्ररियनचं नाव त्यात नाही. विद्यापीठाने समकक्ष पद मानून दिली तर उत्तम, पण नवख्याने त्या दारावर धडका मारत बसू नये.

अभ्यास रजेच्या कलमात मात्र असिस्टंट लायब्ररियन हे पद नावानिशी आहे. सलग तीन वर्षांची सेवा झाली की प्रवेशस्तरावरच्या माणसाला मागता येते. कामाशी थेट संबंध असलेला विशेष अभ्यास किंवा संशोधन हवं आणि सोबत कामाचा पूर्ण आराखडा हवा. त्याच कलमात शेवटी एक वाक्य आहे, ज्याचा कुणी वापर करत नाही: कनिष्ठ अध्यापकवर्गाला अभ्यास रजा देताना संस्थाप्रमुखांनी उदार राहावं, असं यूजीसीने स्वतः म्हटलं आहे. अर्जाच्या पत्रात हे वाक्य नम्रपणे उद्धृत करा.

आणि दोन-तीन आठवड्यांच्या गोष्टींसाठी अभ्यास रजा खर्ची घालू नका. रिफ्रेशर, ओरिएंटेशन, परिषद, कार्यशाळा यांसाठी ड्यूटी लीव्ह आहे, शैक्षणिक वर्षात ३० दिवसांपर्यंत. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्कूल ऑफ आर्काइव्हल स्टडीजचे जतन आणि दुरुस्तीचे काही आठवड्यांचे अभ्यासक्रम ड्यूटी लीव्ह आणि थोडी अर्जित रजा जोडून उरकता येतात. तिथलाच एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम करायचा असेल तर गोष्ट वेगळी, त्याला अभ्यास रजाच लागेल.

रजा खरंच हवी आहे का?

हा प्रश्न मी मुद्दाम अर्जाच्या आधी ठेवतो आहे. पीएच.डी. साठी रजा घेण्याची रीत पडली आहे, पण २०१८ च्या विनियमांतलं कलम ३.११ नीट वाचा. पीएच.डी. मिळवण्यात गेलेला काळ नेमणुकीसाठी अनुभव म्हणून धरत नाहीत. मात्र कोणतीही रजा न घेता, नोकरी करत करत संशोधन केलं असेल तर तो सेवाकाळ थेट भरती आणि पदोन्नतीसाठी अनुभवात मोजला जातो. डेप्युटी लायब्ररियनच्या जागेसाठी असिस्टंट किंवा कॉलेज लायब्ररियन म्हणून आठ वर्षांचा अनुभव आणि पीएच.डी. अशी दोन्ही अट आहे. तुमचा डोळा त्या जागेवर असेल तर तीन वर्षांची रजा म्हणजे अनुभवाच्या हिशेबात तीन वर्षांची घट ठरू शकते.

त्याच कलमात आणखी एक ओळ: पीएच.डी. साठी एकूण नियमित अध्यापकवर्गाच्या २० टक्क्यांपर्यंत लोकांना अभ्यास रजा देता येते. कॉलेजात आधीच चार-पाच प्राध्यापक रजेवर असतील तर आपला नंबर कितवा, हे ऑफिसात विचारून ठेवा.

मला स्वतःला मधला मार्ग पटतो. पीएच.डी. ला अर्धवेळ नोंदणी करायची. २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार त्यासाठी नोकरीच्या ठिकाणाहून ना हरकत प्रमाणपत्र लागतं आणि कामाच्या वेळेतून अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल, गरज पडली तर कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त करू, असं त्यात लिहून द्यावं लागतं. विषय ठरला, साहित्य गोळा झालं, की मग क्षेत्रकाम आणि लेखन यांसाठी एक वर्षाची अभ्यास रजा. एका वर्षाची फाइल तीन वर्षांच्या फाइलपेक्षा सोपी जाते, आणि लायब्ररीही कुणाच्या तरी हवाली एक वर्ष राहू शकते. तीन वर्षांत ती कशी राहते हे परत आल्यावर कपाटं उघडली की कळतं.

तारखांचा हिशेब

कागद घ्या आणि मांडा. एका खेपेला रजा जास्तीत जास्त तीन वर्षं. सबंध नोकरीत दोनदाच, आणि एकूण पाच वर्षांच्या वर कधीच नाही. दोन खेपांत किमान पाच वर्षांचं अंतर. रजा संपवून परत येण्याच्या तारखेपासून पाच वर्षांत निवृत्ती येत असेल तर रजा मिळत नाही. म्हणजे तीन वर्षांची हवी असेल तर जाताना निवृत्तीला आठ वर्षांहून अधिक काळ शिल्लक हवा. परत आल्यावर तीन वर्षं त्याच संस्थेत काम करण्याचा बाँड असतो. रजा मंजूर होऊन बारा महिन्यांत निघाला नाहीत तर मंजुरी आपोआप रद्द, पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

निघायची तारीख जून-जुलैत टाकू नका. प्रवेशाच्या गर्दीत, बुक बँकेच्या वाटपात ग्रंथपाल गेला तर व्यवस्थापन ते विसरत नाही. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा आटोपल्या, नो ड्यूजची रांग ओसरली, साठा पडताळणी झाली की निघावं.

आराखडा

नियमात ‘कामाचा पूर्ण आराखडा’ म्हटलंय. अर्जांत बहुधा असं वाक्य असतं: ‘सदर कालावधीत विषयाचा सखोल अभ्यास करून संदर्भ साहित्याचे परिशीलन करण्यात येईल.’ यावर कुणी हरकत घेत नाही आणि कुणाचा विश्वासही बसत नाही. याऐवजी सहा-सहा महिन्यांचे टप्पे लिहा, कारण पुढे प्रगती अहवालही सहा महिन्यांनीच द्यायचा आहे. समजा विषय जुन्या मराठी मुद्रित ग्रंथांच्या वर्णनात्मक नोंदींचा आहे. तर पहिला टप्पा असा लिहिता येईल:

‘महिना १ ते ६: आपल्या ग्रंथालयातील, तसेच मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातील दोलामुद्रितांची (१८६७ पर्यंतची मुद्रिते) प्रत्यक्ष पाहणी. प्रत्येक प्रतीचे शीर्षकपृष्ठ, मुद्रणालय, बांधणी, कसर लागल्याच्या खुणा, मालकीचे शिक्के यांची नोंद. मार्क २१ (संगणकीय ग्रंथनोंदींचा प्रमाणित आराखडा) मध्ये नोंदीचा नमुना तयार करून मार्गदर्शकांकडून तपासून घेणे.’

आणि त्याखाली एक ओळ, जी प्राचार्य खरोखर वाचतात: ‘या टप्प्याअखेर आपल्या महाविद्यालयातील जुन्या संग्रहाच्या नोंदी कोहा या ग्रंथालय संगणक प्रणालीमध्ये उपलब्ध होतील.’ संस्थेला रजेतून काय मिळणार हे प्रत्येक टप्प्याखाली एका ओळीत द्या. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या चौथ्या निकषात ग्रंथालयाला स्वतंत्र स्थान आहे, पण अर्जात ‘नॅक’ हा शब्द दहा वेळा लिहू नका, एकदा पुरतो.

विषय निवडताना अभिलेख आणि हस्तलिखितांकडे वळायचा विचार असेल तर संकोच नको. डेप्युटी लायब्ररियन आणि विद्यापीठ ग्रंथपाल या दोन्ही पदांसाठी ग्रंथालयशास्त्रासोबत अभिलेख आणि हस्तलिखित जतन या विषयातली पीएच.डी. ही यूजीसीने पात्रतेत धरली आहे. मोडी येत असेल तर महाराष्ट्रात कामाला तोटा नाही.

चार्जची योजना: खरा अर्ज हाच

अर्जाला एक स्वतंत्र जोडपत्र लावा, ‘रजा कालावधीतील ग्रंथालयाची व्यवस्था’ या नावाने. कुणी न मागता लावा. त्यात पहिली गोष्ट, चार्ज कोणाकडे. पात्र सहायक असेल तर त्याचं नाव आणि त्याची लेखी संमती. नसेल तर एखाद्या प्राध्यापकाकडे प्रशासकीय चार्ज आणि रोजचं काम सहायकाकडे. बदली माणूस तात्पुरत्या मानधनावर घ्यायचा असेल तर खर्च कोण करणार तेही लिहा. हा प्रश्न अनुत्तरित ठेवलेल्या फाइली वर्षभर ‘चर्चा करावी’ या शेऱ्याखाली पडून राहतात.

दुसरी गोष्ट, साठा. चार्ज देण्याआधी पडताळणी झालीच पाहिजे, नाहीतर परत आल्यावर हरवलेलं प्रत्येक पुस्तक तुमच्या नावावर. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, नियम २१५ मध्ये, याचा चांगला आधार आहे: २० हजारांपर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयाची पूर्ण पडताळणी दरवर्षी, ५० हजारांपर्यंत तीन वर्षांतून एकदा, त्याहून मोठ्यांत नमुना पडताळणी. वर्षभरात वाचकांनी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी वाजवी मानली जाते, अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल तर. हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मिळ ग्रंथ गेला तर मात्र चौकशी होते. नियम केंद्राचा असला तरी तुमच्या पडताळणी अहवालात त्याचा उल्लेख असला की हिशेब तपासणीस निमूटपणे पुढे जातात.

तिसरी गोष्ट, किल्ल्या आणि पासवर्ड. चार्ज यादीत काय असावं याचा एक तुकडा देतो: ॲक्सेशन रजिस्टर (दाखल ग्रंथांची नोंदवही) क्रमांक अमुक ते अमुक, शेवटची नोंद अमुक तारखेची. डेड स्टॉक रजिस्टर. दुर्मिळ ग्रंथांच्या कपाटाच्या दोन किल्ल्या, एक प्राचार्यांकडे सीलबंद. सोल किंवा कोहा, जी ग्रंथालय प्रणाली असेल तिचा ॲडमिन पासवर्ड, बॅकअप कुठे आणि दर कितव्या दिवशी. एन-लिस्टच्या (कॉलेजांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं पुरवणारी योजना) नूतनीकरणाची तारीख आणि ज्या ईमेलवर सूचना येते तो ईमेल. वर्तमानपत्रवाल्याची, बाइंडरची, विक्रेत्यांची थकीत बिलं. प्राध्यापकांकडे वर्षानुवर्षं अडकलेल्या पुस्तकांची यादी, नावासकट.

ती शेवटची यादी देताना थोडा वाईटपणा येतो. तरी द्या. प्रत्येक पानावर देणारा, घेणारा आणि प्राचार्य अशा तीन सह्या घ्या आणि एक प्रत घरी ठेवा. तुम्ही दोन वर्षं नाशिकला किंवा लंडनला असाल, आणि ‘तो खंड सापडत नाही’ असा फोन आला तर याच कागदाचा आधार.

फाइलचा प्रवास

अर्ज नेहमी योग्य मार्गाने, म्हणजे प्राचार्यांमार्फत. आवक क्रमांक टाकून पोच घ्या. सोबत लागणारे कागद: नेमणूक आदेश, विद्यापीठाची पदमान्यता, सेवापुस्तकातल्या संबंधित पानांच्या प्रती, रजेचा हिशेब, पीएच.डी. नोंदणीचं पत्र किंवा फेलोशिपचं पत्र, मार्गदर्शकांची शिफारस, आराखडा, चार्जची योजना. विद्यापीठात विभागप्रमुखांची शिफारस आणि पुढे व्यवस्थापन परिषद. कॉलेजात संस्थेच्या व्यवस्थापनाचा ठराव, आणि अनुदानित असाल तर प्रकरण विभागीय सहसंचालकांच्या कार्यालयात, म्हणजे सगळे ज्याला जेडी ऑफिस म्हणतात तिथे. पगार एचटीई सेवार्थ या शासनाच्या ऑनलाइन वेतन प्रणालीतून निघतो, त्यामुळे रजेचा आदेश वेळेत पोचला नाही तर पहिल्याच महिन्याला पगार अडकतो. ठरावाची प्रत, मंजुरीचा आदेश, कार्यमुक्तीचा आदेश या तिन्हींच्या तारखा एकमेकींशी जुळतात ना, हे निघण्याआधी स्वतः तपासा. क्लार्कवर सोडू नका, तो बिचारा पन्नास फाइली बघत असतो.

परदेशी फेलोशिप मिळाली असेल, फुलब्राइट-नेहरू असो वा चार्ल्स वॉलेस ट्रस्टची, तर घाबरून रक्कम लपवायची गरज नाही. परदेशातल्या उच्चशिक्षण संस्थेत पीएच.डी., पोस्ट-डॉक्टरल काम किंवा संशोधन प्रकल्पासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीची रक्कम पगाराशी जोडू नये आणि त्या काळात पगार चालू ठेवावा, असं यूजीसीचंच म्हणणं आहे. अट एकच, तिकडे दुसरी पगारी नोकरी करायची नाही. इतर प्रकारचं मानधन घेतलं तर संस्था तेवढ्या प्रमाणात पगार कमी करू शकते, म्हणून ते आधीच कळवलेलं बरं.

बाँड आणि जामीनदार

मंजुरीनंतर आणि निघण्याआधी बंधपत्र करून द्यावं लागतं. हमी म्हणून स्थावर मालमत्ता, विमा कंपनीचा फिडेलिटी बाँड, बँक गॅरंटी किंवा दोन कायम शिक्षकांचा जामीन यांपैकी एक. सगळे शेवटचा पर्याय घेतात. शंभराच्या मुद्रांकाचा जमाना महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला, किती रुपयांचा लागेल ते ऑफिसला विचारूनच आणा.

जामीनदारांना बाँड वाचायला द्या. अभ्यास वेळेत पूर्ण झाला नाही, रुजू झाला नाहीत किंवा तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली, तर रजेतला पगार आणि भत्ते परत करावे लागतात. मैत्रीत सही करणाऱ्याला हे माहीत असलं पाहिजे. निवृत्तीला आलेल्या सहकाऱ्याला जामीन मागू नका.

रजेवर असताना

दर सहा महिन्यांनी मार्गदर्शकांच्या किंवा संस्थाप्रमुखांच्या सहीचा प्रगती अहवाल, आणि तो सहामाही संपल्यापासून एका महिन्यात पोचायला हवा. उशीर झाला तर पगार थांबवता येतो. पीएच.डी. वाल्यांना दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण करावंच लागतं. त्याच आठवड्यात त्या सादरीकरणावरून हा अहवाल तयार करून सही घेऊन टाका, दोनदा मेहनत नको. ईमेलने पाठवा, शिवाय स्पीड पोस्टनेही. विषयात मोठा बदल करायचा झाला तर आधी परवानगी. अभ्यास लवकर संपला तर उरलेली रजा घरी बसून काढता येत नाही, लगेच रुजू व्हायचं.

कॉलेजातून फोन येत राहणार. आठवड्यातला एक ठरावीक तास चार्ज घेतलेल्या माणसाला द्या, त्यापलीकडे नाही. काही प्राचार्य रजेवरच्या ग्रंथपालाला समितीच्या भेटीसाठी ‘दोनच दिवस’ बोलावतात. नाही म्हणणं अवघड असतं हे मान्य, पण जायचंच झालं तर त्या दिवसांचा लेखी आदेश मागा.

परत येताना

रुजू अहवाल पहिल्या दिवशी, दुपारच्या आधी, आवक क्रमांकासह. चार्ज परत घेताना तीच तीन सह्यांची यादी समोर ठेवून एकेक बाब तपासा आणि फरक त्याच दिवशी लिहून काढा. सविस्तर अहवाल सादर करा आणि संशोधनाची प्रत संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवायला द्या, तसं नियमातच आहे. सेवापुस्तकात रजेची नोंद आणि रुजू झाल्याची तारीख चढली का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. निवृत्तिवेतनासाठी हा काळ धरला जायचा तर वेळेत रुजू होणं आणि बाँडची मुदत पुरी करणं या दोन्हींचा पुरावा तिथेच सापडणार आहे. बाँडची तीन वर्षं रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजतात. ती संपली की बंधपत्र निकाली निघाल्याचं पत्र ऑफिसकडून लेखी मागून घ्या, आणि त्याची एकेक प्रत दोन्ही जामीनदारांना द्या.